निळी कुपी

नरकचतुर्दशीच्या आधी चार दिवस आमच्या घरी बंब बाहेर निघतो. एरवी तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात, घरातल्या एखाद्या अबोल म्हाताऱ्यासारखा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा उभा असतो. आमच्याकडे गॅस आला, विजेचा गीझर आला, पुढे गच्चीवर उन्हाने पाणी तापवणारी टाकीही येऊन बसली. परंतु दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबातच तापले पाहिजे, ह्या आईच्या कायद्यात आजवर एकही दुरुस्ती झालेली नाही. चिंच आणि मीठ घेऊन ती स्वतः बंब घासायला बसते. काळवंडलेल्या अंगावरून चिंचेचा कोळ फिरला की बंब आतून दिवा लावल्यासारखा उजळतो, आणि आई दर वर्षी तेच वाक्य म्हणते, "बघ, तुझ्या आजोबांनी पुण्याच्या तांबट आळीतून आणला तेव्हा अस्साच होता!"

गेल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत ह्या बंबाशी माझे कसलेही भांडण नव्हते.

त्या पहाटे आईने नेहमीप्रमाणे बंब पेटवला, उटणे कालवले, सगळ्यांना हाका मारून उठवले. आंघोळी झाल्या, फराळ झाला, शेजारीपाजारी येऊन गेले. दुपारी आई पाय पसरून भिंतीशी टेकली होती. माझी मुलगी म्हणाली, "आजी, तुझ्या पायाला काय लागलंय गं?"

उजव्या पायाच्या करंगळीपाशी रुपयाएवढा काळा डाग होता. "काजळी असेल," असे म्हणून आईने तो पदराने पुसला, तर कातडीच सुटून आली. बंबाच्या जाळीतून निसटलेला निखारा पायावर पडला होता, आणि तिला ते कळलेच नव्हते. ती ओरडली असती, रडली असती, तर मी इतका घाबरलो नसतो. ती शांतपणे आपल्या पायाकडे पाहत होती. जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा होता.

आईला वीस वर्षांचा मधुमेह आहे. डॉक्टरांनी पाय तपासला, टाचेवर आणि बोटांवर एक बारीक तार टेकवून "कळतंय का?" असे पुन्हा पुन्हा विचारले, आणि मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "मास्तर, दुखणं म्हणजे शरीराचा गुरखा. साखरेनं तुमच्या आईच्या पायातला गुरखा झोपवलाय. शिवाय रक्त पोचवणारे रस्तेही अरुंद झालेत. जखम लहान दिसते, पण तिला लहान समजू नका."

मग सुरू झाले ते एक निराळेच वर्ष. मेलेली कातडी खरवडून काढायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची. पायावर भार द्यायचा नाही. दिवसातून चार वेळा साखर तपासायची. मार्गशीर्ष गेला, पौष उजाडला. जखम होती तेवढीच. पट्टी सोडताना आम्ही सगळे श्वास रोखून पाहायचो, आणि आई आमच्या चेहऱ्यांकडे पाहायची. तिला जखम दिसत नसे. आमच्या चेहऱ्यांवरूनच ती जखमेचा अंदाज घेई.

मी भाषा शिकवणारा माणूस. एके रात्री मनात आले, आपल्या भाषेत जखम 'भरते'. घागर भरते, शेत भरते, वर्ष भरते, तशी जखमही भरते. म्हणजे कुणीतरी कुठून तरी काहीतरी आणून तिच्यात घालत असले पाहिजे. कोण आणते? काय आणते? इतकी वर्षे हा शब्द मी फळ्यावर लिहीत आलो, आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही!

उत्तर घेऊन आला तो माझा भाचा. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. शरीर कमावण्याचे त्याला वेड, आणि नव्या नव्या औषधांची माहिती मोबाइलवर शोधण्याचे त्याहून मोठे. संक्रांतीला आला तो खिशातून एक काचेची कुपी काढून माझ्या हातावर ठेवीत म्हणाला, "मामा, आजीसाठी. तांब्याचं पेप्टाइड आहे. मुरलेल्या जखमाही भरतात यानं. पाण्यात कालवायचं आणि जखमेच्या आसपास टोचायचं."

अंगठ्याएवढी कुपी, आणि तळाशी चिमूटभर निळी पूड. निळी म्हणजे कशी? मोरचुदाला थोडे दूध पाजावे तशी. मी ती दिव्यासमोर धरली. खरे सांगतो, त्या क्षणी माझा तिच्यावर विश्वास बसला. इतके दिवस जो माणूस फक्त पांढरे कापूस आणि पिवळा पू पाहतो, त्याला एवढा सुंदर निळा रंग खोटा वाटत नाही.

आई खाटेवरून म्हणाली, "काय रे ते?"

"औषध आहे, आजी."

"त्यावर काय लिहिलंय ते वाच."

भाचा जरा घुटमळला. इंग्रजी अक्षरे बारीक होती. मी चष्मा लावून वाचले, आणि मराठी करून सांगितले: केवळ संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही.

"मग मी कोण?" आई म्हणाली. सगळे हसलो. पण ती कुपी मी परत दिली नाही. कपाटात, पुस्तकांच्या मागे ठेवली.

दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "जखमेचा वास मला आवडला नाही. अजून पंधरा दिवस पाहू. नाहीतर करंगळी काढावी लागेल."

त्या रात्री मी कपाट दोनदा उघडले, दोनदा बंद केले. आणि सकाळी कुपी सदऱ्याच्या खिशात घालून पुण्याची एसटी पकडली.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझी एक जुनी विद्यार्थिनी काम करते. शाळेत असताना तिचे निबंध इतके आखूड असत, की मी तिला "तारमास्तर" म्हणायचो. जेवढे ठाऊक तेवढेच लिहायची. त्यापुढे एक ओळही नाही. त्यावरून मी तिचे गुणही कापले आहेत. ती जखमा कशा भरतात ह्याचाच अभ्यास करते, हे मला ठाऊक होते. मी कुपी तिच्यापुढे ठेवली. तिने ती उचलली, लेबल वाचले, आणि म्हणाली, "सर, आधी चहा घ्या."

चहा घेता घेता तिने मला जी गोष्ट सांगितली ती मी माझ्या शब्दांत सांगतो. विज्ञानाशी माझी शेवटची गाठ मॅट्रिकच्या परीक्षेत पडली होती, आणि ती भेट फारशी सौहार्दाची नव्हती. तेव्हा चूक आढळली तर ती माझी समजावी, तिची नाही.

आपली प्रथिने ही अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. माळ लहान असली की तिला पेप्टाइड म्हणायचे. ह्या कुपीतल्या माळेत अवघे तीनच मणी आहेत: ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन. १९७३ साली लॉरेन पिकार्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाला ही माळ माणसाच्या रक्तात सापडली. काचपात्रात ठेवलेल्या यकृताच्या पेशी तिच्यामुळे अधिक काळ जगत होत्या. एवढीशी माळ हे काम कशी करते? १९८० साली पिकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उत्तर सुचवले. ती तांब्याला धरून ठेवते, आणि पेशीच्या आत पोचवते.

"तांबं?" मी विचारले. मला एकदम बंब आठवला.

"तांबंच, सर. तुमच्या माझ्या अंगात सुमारे १०० मिलिग्रॅम असतं. चिमूटभरसुद्धा नाही. पण ते नसलं तर माणूस उभा राहणार नाही."

ह्याची एक हकिगत तिने सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात काही कुरणांवरची कोकरे जन्मली की पाय लटपटून खाली कोसळत. रोगजंतू शोधले, विष शोधले, काही मिळेना. १९३७ साली बेनेट्स आणि चॅपमन ह्या संशोधकांनी दाखवून दिले, की दोष मेंढ्यांत नाही, मातीत आहे. त्या मातीत तांबे कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून आईच्या पोटात कमी. हिरव्यागार कुरणात कोकरे उपाशी जन्मत होती, आणि ती कशाला उपाशी आहेत हे कुणाला दिसत नव्हते.

जखमेत तांब्याचे काम काय? कातडीखाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. जखम भरते म्हणजे मुख्यतः हे धागे नव्याने विणले जातात. पण नुसते धागे शेजारी शेजारी ठेवले म्हणून कापड होत नाही. ते एकमेकांत अडकवावे लागतात. ही गाठ मारण्याचे काम लायसिल ऑक्सिडेज नावाचे एक विकर करते, आणि तांबे नसेल तर त्याचे हात चालत नाहीत. पण तांबे पेशीत मोकाट सुटले तर तेच नासधूस करते. म्हणून शरीर त्याला एकटे फिरू देत नाही. कुणाच्या तरी हाताला धरूनच पाठवते. ती तीन मण्यांची माळ म्हणजे तांब्याला बोट धरून नेणारी अशी एक सोबतीण.

"आणि सर, यातली खरी गंमत पुढेच आहे," ती म्हणाली. शाळेत तिच्या डोळ्यांत अशी चमक मी कधी पाहिली नव्हती. निदान माझ्या तासाला तरी नाही. फ्रान्समध्ये रेंस शहरात माकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हे पेप्टाइड तांब्यासह पेशींना दिले, तेव्हा त्या अधिक कोलॅजन विणू लागल्या. किती द्यावे लागले? माझ्यासाठी तिने हिशेब करून दाखवला. ज्या प्रमाणात सर्वांत अधिक परिणाम दिसला, ते प्रमाण म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. आमच्या शाळेच्या गच्चीवर तेवढीच टाकी आहे. तीत मिठाचा एखादा खडा टाकल्याने सबंध शाळेची तहान बदलावी, तसे हे झाले!

त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. हे तीन मणी ह्याच क्रमाने कोलॅजनच्याच एका लांबलचक धाग्यात ओवलेले आहेत. म्हणजे जखम होते, धागा तुटतो, विकरे त्याचे तुकडे करतात, आणि कदाचित त्या तुकड्यांतूनच हे तीन मणी सुटून भोवतालच्या पेशींना हाक मारत असतील, की "इथे मोडले आहे, या!"

मी काही वेळ गप्प बसलो. मोडलेली वस्तू स्वतःच्याच कपच्यांतून कारागिराला निरोप धाडते, ही कल्पना कुठल्या कवीला सुचली असती, तर मी ती वर्गात चार वेळा वाचून दाखवली असती.

"तिथे 'कदाचित' आहे हं, सर," ती म्हणाली. तारमास्तर ती तारमास्तरच!

मग तिने मला आतल्या खोलीत नेले. एका उबदार कपाटात, आपल्या अंगाइतक्याच म्हणजे ३७ अंश उष्णतेत, गुलाबी पाण्याच्या बशा रचून ठेवल्या होत्या. बशीच्या तळावर माणसाच्या कातडीतल्या पेशी वाढत होत्या. ह्या पेशी धागे विणणाऱ्या, म्हणजे शरीरातले कोष्टीच. आदल्या दिवशी तिने प्रत्येक बशीत प्लास्टिकच्या बारीक टोकाने एक सरळ ओरखडा ओढला होता. ती बशीतली जखम. काठावरच्या पेशी सरपटत येऊन तो ओरखडा किती वेळात बुजवतात, हे मोजायचे.

मी सूक्ष्मदर्शकात पाहिले. लांबोळक्या, टोकदार, माशांसारख्या पेशी दोन्ही काठांवरून मधल्या मोकळ्या वाटेत शिरल्या होत्या. काही तर एकट्याच पुढे गेल्या होत्या. पूर आल्यावर पलीकडच्या माणसांसाठी दोर घेऊन उतरणारे असतात ना, तशा. आईच्या करंगळीपाशी हेच चालले असायला हवे होते.

"या बशीत तांब्याचं पेप्टाइड घातलंय, होय ना?" मी म्हणालो. त्या बशीतला ओरखडा जवळजवळ मिटला होता. शेजारच्या दोन बशांत तो अजून रुंद होता.

"मला ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"बशांवर नुसते आकडे आहेत. कुठल्या बशीत काय, ते माझी मैत्रीण लिहून ठेवते आणि पाकीट बंद करते. सगळी मोजणी झाल्याशिवाय मी ते उघडत नाही. नाहीतर मला जे हवं तेच दिसेल."

मी बोर्डाचे पेपर तपासतो. उत्तरपत्रिकेवर नाव का नसते, हे मला कुणी सांगायला नको होते. तरी मी हट्ट धरला. त्या बशांची मोजणी सकाळीच आटोपली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पाकीट उघडले. मी निवडलेल्या बशीत काहीच घातलेले नव्हते. ती साधी बशी होती.

"याचा अर्थ औषध निरुपयोगी असाही नाही, सर," ती घाईने म्हणाली. "एका बशीवरून काहीच ठरत नाही. आम्ही हे पुन्हा पुन्हा करतो. पण तुम्ही किती खात्रीनं बोललात, पाहिलंत ना?"

पाहिले होते. ती खात्री बशीतून आलेली नव्हती. माझ्या खिशातून आली होती.

मग मी तिला सरळच विचारले, "आईला टोचू का?"

ती लगेच बोलली नाही. तिने आधी मला जमेची बाजू सांगितली. रेंसच्याच लोकांनी १९९३ साली उंदरांच्या पाठीवरच्या जखमांत हे पेप्टाइड घालून पाहिले, तेव्हा तिथे नवे कोलॅजन अधिक साठले. १९९४ साली मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांवर त्याचे मलम लावून पाहिले गेले, आणि त्या अधिक भरल्या असा अहवाल आला. माझा हात खिशाकडे गेला. "आता खर्चाची बाजू ऐका," ती म्हणाली. १९९२ साली अशुद्ध रक्ताच्या शिरा बिघडल्याने होणाऱ्या पायाच्या जखमांवर हेच मलम लावून पाहिले, तेव्हा ते औषध नसलेल्या मलमापेक्षा सरस ठरले नाही. त्यानंतर तीस वर्षे उलटली. चेहऱ्याच्या महागड्या क्रीममध्ये हे पेप्टाइड जाऊन बसले, पण जखमांच्या नेहमीच्या उपचारांत त्याला जागा मिळाली नाही. आणि ती सगळी परीक्षा मलमाची. मधुमेही पायात टोचण्याची नीट परीक्षा कुणी घेतलेली नाही. शिवाय १९७३ च्या त्या पहिल्याच प्रयोगात निरोगी यकृतपेशी जगल्या, तशा कर्करोगाच्या यकृतपेशीही वाढीला लागल्या होत्या. जे वाढवते, ते काय काय वाढवील हे आधी पाहावे लागते.

"आणि ही कुपी," ती म्हणाली, "हिच्यात तेच आहे का, किती आहे, जंतू आहेत की नाहीत, हे कुणीच तपासलेलं नाही. निळा रंग तांब्याचा असतो, सर. शुद्धतेचा नाही."

"पण तुझा तर ह्या पेप्टाइडवर विश्वास आहे ना?"

"आहे. म्हणून तर रोज त्याची परीक्षा घेते." थोडे थांबून ती म्हणाली, "माझ्या आईला मी हे टोचणार नाही."

माझ्यावरचे ओझे तिने उतरवले असे मला वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. मला तिचा रागच आला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. बशीतल्या जखमेला काय! तिला साखर नसते, तिला सून नसते, तिच्यासाठी रात्री कुणी जागत नाही. तिच्यापाशी हवा तेवढा वेळ असतो. माझ्यापाशी पंधरा दिवस होते, आणि त्यांतले चार संपले होते.

घरी आलो तो आई जागीच होती. "गेला होतास ना विचारायला?" ती म्हणाली. मी कुणाला सांगितले नव्हते. पण चाळीस वर्षांच्या मुलाच्या खिशात काय आहे हे आईला न कळायला तो मुलगा दुसऱ्या कुणाचा तरी असावा लागतो.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, माझ्या आईला मी देणार नाही."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि कूस बदलली.

सांगायला मला आवडले असते, की त्यानंतर जखम आपोआप भरून आली आणि संयमाचा विजय झाला. पाठ्यपुस्तकातले धडे असेच संपतात. पण तसे घडले नाही. जंतू हाडापर्यंत पोचले होते. माघातल्या एका सकाळी डॉक्टरांनी आईची करंगळी काढली.

शस्त्रक्रियेच्या दाराबाहेर बसून मी काय विचार केला ते लिहायला हवे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. मला वाटले, टोचली असती तर? डॉक्टर म्हणाले होते, की हाड सडू लागल्यावर कुठल्याही मलमाचे काही चालत नाही. ते मला पटले होते. तरीही वाटले. आज दिवाळीचा लेख लिहितानाही मधूनच वाटते. आणि ह्या प्रश्नाचे उत्तर मला कधीच मिळणार नाही. कारण माझ्यापाशी आई एकच होती, शेजारी आकडा घातलेली दुसरी बशी नव्हती. माझ्या विद्यार्थिनीला इतक्या बशा का लागतात, ते मला त्या बाकावर खऱ्या अर्थाने कळले. ज्या घरात एकच आई असते, त्या घरावर ही परीक्षेची वेळ येऊ नये, म्हणून ती बशांवर ओरखडे ओढीत बसते. तिचा मला आलेला राग तिथेच कुठेतरी विरला.

आईने शुद्धीवर आल्यावर पायाकडे पाहिले. "चार आहेत की अजून," ती म्हणाली. मग बराच वेळ ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

करंगळी गेली ती जागा मात्र भरू लागली. साखर आटोक्यात आली होती, मेलेला भाग निघाला होता, पायावर भार येत नव्हता. नवे असे काहीच नाही; डॉक्टर पहिल्या दिवसापासून जे सांगत होते तेच. चैत्रात जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल, ओलसर कण दिसले. डॉक्टर म्हणाले, "हे पाहायला मी थांबलो होतो." वैशाखात काठांवरून गुलाबी कातडी आत सरकू लागली. पट्टी सोडली की मला सूक्ष्मदर्शकातल्या त्या माशांसारख्या पेशी आठवत. त्या पांढऱ्या पट्टीखाली, कुणाला न दिसता, आईच्या अंगातले शंभर मिलिग्रॅम तांबे कुणाचे तरी बोट धरून कामावर जात असेल, असे मनात येई. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात जखम मिटली.

विद्यार्थिनीला फोन केला. ती खूश झाली, आणि लगेच म्हणाली, "पण सर, जपा हं. भरलेली जागा पूर्वीइतकी मजबूत कधीच होत नाही. फार तर ८० टक्के." मी म्हटले, "अगं, शंभरापैकी ऐंशी म्हणजे विशेष योग्यता!" शाळेत कापलेले गुण मी अशा रीतीने व्याजासकट परत केले.

कुपीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती मी भाच्याला परत दिली. त्याने ती टाकून दिली की कुणा मित्राला दिली, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते. ह्या दिवाळीला तो आला की विचारणार आहे.

परवा बंब बाहेर निघाला. आईने चिंच भिजत घातली. मी म्हटले, "ह्या वर्षी पेटवायचा नाही. पाणी गीझरचंच." ती काही बोलली नाही. लाकडी पाटावर बसून, पायात डॉक्टरांनी दिलेला तो मोठा मऊ जोडा घालून, तिने बंब घासायला घेतला. दुपारपर्यंत तो लख्ख झाला. मग म्हणाली, "पेटवीन मी नाही, तू पेटव. मी लांब बसून सांगेन. जाळीत कोळसा किती घालायचा, तुला कुठं ठाऊक आहे?"

ह्या कायद्यात एवढी एक दुरुस्ती झाली. पहाटे चारला उठायचे आहे.